बाळहातांचा नैवेद्य

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांमध्ये कडेवर लहान मूल असलेली दांपत्ये पुष्कळ असतात. दर्शन आटोपते, तीर्थ-प्रसाद घेऊन होतो, आणि मग ती पुजाऱ्यांपाशी क्षणभर घुटमळतात. विचारावयाचे असते ते बहुधा एकच. घरी पूर्वापार गणपती बसतो, गौरी येतात, नवरात्र असते; सासूबाईंच्या काळी सगळे यथासांग होत असे; आता दोघांचीही नोकरी, घरात दीड-दोन वर्षांचे मूल, आणि पूर्वीसारखे होत नाही. थोडे कमी केले तर चालेल का? देव रागावणार नाही ना? हे विचारताना आवाज खाली गेलेला असतो, जणू एखादा अपराधच कबूल करावयाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रात आहे, संतचरित्रांत आहे, आणि महाराष्ट्राच्या घरोघरच्या चालीरीतींतही आहे. परंतु त्याआधी एका घरची हकीगत दृष्टांतादाखल पाहणे उपयुक्त ठरेल. घर कोणाचे हे सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल.

मुंबईच्या एका उपनगरातील हे कुटुंब मूळचे रत्नागिरीकडचे. गणपती गौरींबरोबर जाणारा, आणि गौरी खड्यांच्या. आजोबा निवर्तल्यावर आजी मुलाकडे राहावयास आल्या आणि त्यांच्यासोबत घरचा गणपतीही शहरातील दोन खोल्यांत आला. गावच्या घरी या सणाला वीस-पंचवीस माणसे राबत असत. कोणी पत्री आणी, कोणी नारळ खवी, कोणी केळीची पाने पुशी. शहरात राबणारी माणसे तीन उरली, पण कामांची यादी मात्र पंचवीस जणांचीच राहिली. त्यात इमारतीतील इतर घरांची आरास पाहून मुलाने विजेच्या माळांचे मोठे मखर उभारले होते.

त्या वर्षी घरातील नातू चार वर्षांचा होता आणि धाकटी नात जेमतेम वर्षाची. चतुर्थीला आजी आणि सूनबाई पहाटे चारला उठल्या. मुलाला सहा वाजता न्हाऊ घालून रेशमी कद नेसवला. गुरुजींना अनेक घरी जावयाचे होते. ते साडेबारा वाजता आले. तोपर्यंत त्या मुलाच्या कानावर पडलेली वाक्ये अशी होती : हात लावू नकोस. पाटाजवळ जाऊ नकोस. दिव्याकडे जाऊ नकोस. आजी सोवळ्यात आहे, शिवू नकोस. पावणेदोनच्या सुमारास केळीच्या पानावर एकवीस मोदक मांडले गेले. सकाळी कपभर दुधावर राहिलेल्या त्या बालकाने पुढे होऊन एक मोदक उचलला आणि तोंडात घातला.

“अरे, काय केलंस हे! देवाचं उष्टं केलंस!” आजींचा आवाज चढला आणि हातावर चापट बसली. सूनबाईंनी काही न बोलता पुन्हा उकड काढावयास घेतली. त्यांच्या डोळ्यांतील पाणी मुलाने पाहिले आणि ते आपल्यामुळेच आले आहे, एवढेच त्याला कळले. रात्री अंथरुणावर त्याने हळूच विचारले, “आई, हा बाप्पा आपला नाही ना? आजीचा आहे ना?” दोन खोल्यांच्या घरात असा प्रश्न लपत नाही. पलीकडच्या खोलीत आजींनी तो ऐकला. पुढील दिवसांत मूल आरतीला आले नाही. ते दाराशी उभे राहून पाहत असे. पुढच्या संकष्टीलाही त्याने देवापुढे हात जोडले नाहीत.

आजींनी चाळीस वर्षे तो कुलाचार अंगमेहनतीने सांभाळला होता. तो आपल्या पश्चात मोडू नये, ही एकच काळजी त्यांना होती. त्यांचे रागावणेही त्या काळजीपोटीच होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांना कर्मठ ठरवून मोकळे होणे फार सोपे असते, आणि ते अन्यायाचेही असते.

कार्तिकात जवळच्या विठ्ठलमंदिरात कीर्तन होते. आख्यान लागले ते बाल नामदेवाचे. आजींनी ही कथा शेकडो वेळा ऐकलेली होती. इ. स. १२७० मध्ये जन्मलेले नामदेव महाराज शिंपी कुळातले. पिता दामाशेटी, माता गोणाई. विठ्ठलाला नैवेद्य नेण्याचा दामाशेटींचा नित्यनेम होता. एकदा त्यांना परगावी जावे लागले आणि ते काम लहानग्या नामदेवाकडे आले. आईने ताट वाढून दिले. मुलाने ते राउळात नेले, देवापुढे ठेवले आणि देव जेवण्याची वाट पाहत तो उभा राहिला. देव जेवेना. वडील आणतात तेव्हा देव जेवतो आणि आपल्या हातून का घेत नाही, असे वाटून मूल व्याकुळ झाले आणि पायरीवर डोके आपटून घेईन म्हणाले. तेव्हा पांडुरंगाने ते अन्न सेवन केले. रिकामे ताट घेऊन नामदेव घरी आला तेव्हा आईचा विश्वास बसेना. महिपतींनी इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे संतांच्या कथा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या, आणि ही कथा तर आबालवृद्धांच्या परिचयाची आहे.

या कथेत सामान्यतः देवाच्या जेवण्याचे कौतुक होते. त्या दिवशी आजींचे लक्ष मात्र प्रथमच गोणाईकडे गेले. स्वयंपाक गोणाईने केला; चुलीपाशी तिने मुलाला बसवले नाही. पण ताट तयार झाल्यावर ते तिने त्याच्या हाती दिले आणि घरापासून राउळापर्यंतची वाट त्याची त्याला चालू दिली. सांडेल, पाडेल, चुकेल, ही भीती तिलाही असणारच. शिवाय दामाशेटी गावात नव्हते. म्हणजे राउळात मूल आणि देव यांच्यामध्ये ‘असे नको, तसे कर’ म्हणावयास कोणीच उभे नव्हते. नैवेद्याचे अन्नही रोजचेच होते. नामदेवाची म्हणून त्या दिवशी काही खास पक्वान्ने शिजली होती, असे आख्यानात कोठे येत नाही.

घरी परतल्यावर आजी सुनेला म्हणाल्या, “अगं, पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून यादी करू. काय राहिलं तर मला रुखरुख लागेल आणि काय राहिलं तर तुला, ते आधीच कळू दे.”

“आई, पण तुमचं सोवळं...”

“माझं सोवळं माझ्यापाशी. पोराला त्यात नको बांधायला.”

आता शास्त्राकडे वळू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे पार्थिव गणेशपूजन हे व्रत मुळात त्या एका दिवसाचे आहे. मूर्ती दीड दिवस ठेवावी, पाच, सात की दहा, हा ज्या त्या घराच्या कुलाचाराचा भाग होय. मातीची मूर्ती, तिची प्राणप्रतिष्ठा, पूजा, नैवेद्य, उत्तरपूजा आणि विसर्जन एवढे त्यातील मुख्य. मखर, रोषणाई, पाहुण्यांची पंगत हे सारे आनंदाचे आहे, परंतु त्यावाचून व्रत अपुरे राहत नाही. पूजेचे उपचार सोळा सांगितले आहेत, तसेच ते पाचही सांगितले आहेत : गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य. घरी नेहमी षोडशोपचार पूजा होत असेल आणि एखाद्या वर्षी पंचोपचार झाली, तरी ती पूजाच असते.

संकल्प सोडताना गुरुजी ‘यथामिलितोपचारद्रव्यैः’ असा शब्द उच्चारतात. जी सामग्री मिळाली असेल तिने पूजा करतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे पूजेला आरंभ होतो तोच आपल्या मर्यादेची कबुली देऊन. आणि समाप्तीला जी क्षमाप्रार्थना येते तीत मंत्र, क्रिया व भक्ती यांतील उणिवा देवापुढे मांडून त्या पूर्ण मानून घेण्याची विनंती असते. ज्या विधीने उणिवेसाठी आरंभी आणि अंती जागा राखून ठेवली आहे, त्या विधीच्या भीतीने तरुण मातेने रात्र रात्र जागावे, ही विसंगतीच म्हणावी लागेल. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील सव्विसाव्या श्लोकात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्याच वस्तूंची नावे घेतली आहेत. दोन वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावणार नाही असे त्यांत काहीही नाही.

उपवासाचेही तसेच. एकादशीच्या उपवासाविषयी धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांत वयाची मर्यादा सांगितली आहे : आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशीच्या आत. जी परंपरा आठ वर्षांखालील बालकाला हरिदिनीदेखील उपाशी ठेवीत नाही, तिच्या नावाने चतुर्थीला पावणेदोन वाजेपर्यंत त्याला ताटकळत ठेवण्याचे कारण काय? जुन्या मोठ्या घरांतून सणाच्या दिवशी मुलांसाठी मऊ भात वेगळ्या भांड्यात आधी शिजे आणि माजघरात त्यांची पाने मुख्य पंगतीच्या कितीतरी आधी उठत. हे शहाणपण घरे लहान होताना मागे पडले.

दुसरे वर्ष उजाडले. आजी आणि सूनबाई यांची यादी श्रावणातच ठरली. मातीची मूर्ती, एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, दोन वेळची आरती, खड्यांच्या गौरी आणि उत्तरपूजा यांना हात लावावयाचा नाही. मखर नको, पाट, त्याखाली रांगोळी आणि वर आंब्याचे डहाळे पुरे. नैवेद्याला मोदकांखेरीज दुसरे गोड नको. पाहुण्यांना एक दिवस संध्याकाळी आरती, प्रसाद आणि चहासाठी बोलवावे. जेवणाच्या पंक्ती नकोत. शेवटच्या कलमावर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. गावच्या घरी चतुर्थीला साठ पाने उठत असत. अखेर त्यांनी मान डोलावली, पण ती रुखरुख त्यांच्या मनात राहिलीच, आणि आजही आहे. मखराचे पैसे वाचले ते एका अन्नछत्रास पाठविण्यात आले, आणि त्यामुळे ती रुखरुख थोडी हलकी झाली, असे त्या म्हणतात.

मुलाचे काम चतुर्थीच्या कितीतरी आधी सुरू झाले. कोकणात मूर्तिकाराच्या कारखान्यास ‘गणपतीची शाळा’ म्हणतात आणि घरोघरचे पाट तेथे आगाऊ नेऊन ठेवावयाची रीत आहे. मूर्ती आपल्याच पाटावर घडते. उपनगरातील मूर्तिकाराकडेही आजींनी घरचा पाट नातवाच्या हातून पाठविला. त्यानंतर दर रविवारी वडिलांचे बोट धरून तो पाहावयास जाई : आज पोट झाले, आज सोंड बसली, आज डोळे काढले. देव घरी येण्यापूर्वीच त्याच्या ओळखीचा झाला होता.

आदल्या दिवशी खिरापत करणे त्याच्याकडे होते. पंचखाद्य म्हणजे ‘ख’ या अक्षराने आरंभ होणाऱ्या पाच वस्तू. घराघरांत यादीत थोडा फरक असतो. या घरी खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. मोठ्यांनी चिरून, किसून, भाजून दिले. मिसळण्याचे काम त्याचे. त्याने मोजून पाचही नावे पाठ केली आणि भेटेल त्याला म्हणून दाखविली. दूर्वांची जुडीही त्यानेच बांधली. त्याला एकवीसपर्यंत मोजता येत नव्हते, सातापर्यंत येत होते. म्हणून सात-सात दूर्वांचे तीन वाटे केले आणि एकवीस झाल्या.

चतुर्थीला साडेदहा वाजता दोन्ही मुलांना वरण-भात भरवला गेला. गुरुजींची वाट न पाहता मुलांच्या वडिलांनी पोथी पुढे ठेवून स्वतः पूजा सांगितली आणि केली. उच्चार अडखळत होते. गणेशपूजनास मध्याह्नकाळ मुख्य मानतात. तो साधून सव्वाबाराला आरती झाली. गुरुजींना बोलावणे हा कुलाचाराचा उत्तम भाग आहे, आणि सोय असेल तेथे तो अवश्य पाळावा; परंतु एका गुरुजींवर पंधरा घरांचा भार असताना आपल्या घरची पूजा आपण सांगण्यात कमीपणा मुळीच नाही. धाकट्या नातीच्या हाती घंटा दिली होती. ती नैवेद्य संपला तरी वाजत राहिली.

त्या दिवशी आजींनी वीसच मोदक वळले. एकविसावा नातवाने केला. उकडीच्या मोदकाच्या कळ्या काढणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम. पाच वर्षांच्या बोटांतून निघाला तो मोदक कमी आणि करंजी अधिक होता, आणि एका बाजूने सारणही बाहेर आले होते. आजींनी तो वीस मोदकांच्या मधोमध ठेवला. नैवेद्य दाखवून पडदा ओढल्यावर मुलगा पडद्याच्या फटीतून आत पाहू लागला आणि हळूच म्हणाला, “आजी, खाल्ला का गं त्याने?”

“थांब ना जरा. नाम्यासुद्धा थांबला होता.”

मग नाम्या कोण, हे सांगावे लागले. ते मोदक निवेपर्यंत पुरले.

या घरी जे जुळून आले ते काही नवे नव्हते. महाराष्ट्राच्या परंपरेने लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे सण आधीच घडवून ठेवले आहेत. संक्रांतीनंतर पाच वर्षांखालील मुलांचे बोरन्हाण होते. बोरे, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे डोक्यावरून ओतावयाचे आणि जमलेल्या मुलांनी ते वेचावयाचे. याला पोथी नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल ओढीत घरोघर जातात. मोठ्यांच्या सणाची लहानांना झेपेल अशी प्रतिकृतीच ती. नवरात्रात भोंडल्याला पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात आणि झाकलेली खिरापत ओळखण्याचा गलका होतो. दिवाळीत मातीचा किल्ला मुलांचा. मोठ्यांनी दगड आणून द्यावेत आणि अंगणातून बाजूस व्हावे. गोव्यात चवथीला देवावर लाकडी चौकटीची माटोळी बांधतात आणि तिला त्या मोसमातील फळे, भाज्या आणि रानातील फळे-फुले टांगतात. ती जमविताना मुलांना रानाची ओळख होते. आणि खड्यांच्या गौरी तर साधेपणाची परिसीमाच म्हणावयाची. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे घरातील कुमारिकेने किंवा सुवासिनीने आणावयाचे, ज्येष्ठा गौरी म्हणून त्यांची स्थापना करावयाची. मुखवटे आणि भरजरी साड्या ल्यालेल्या गौरींइतक्याच त्या गौरी असतात.

येथे एक सावधगिरी हवी. साधे आणि सोयीचे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोदक विकत आणले, आरास भाड्याने आणली, आरती यंत्रावर लावली, पूजा पंधरा मिनिटांत उरकली, तर श्रम वाचतात हे खरे. पण मुलाला करावयास काय उरते? पूर्वी सोवळ्यामुळे ते दाराशी उभे होते, आता सगळे तयार आल्यामुळे पुन्हा दाराशीच उभे राहते. मोदक विकत आणण्यात दोष नाही. अनेक घरांत आता तेच शक्य असते. मात्र त्या दिवशी दूर्वा तरी घरच्या हातांनी निवडलेल्या असाव्यात आणि आरती घरच्या गळ्यांनी म्हटलेली असावी. समर्थ रामदासांच्या नावे प्रसिद्ध असलेली गणपतीची आरती तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज ऐकून पाच दिवसांत बरीचशी पाठ होते. त्यानंतर एक देवीची, एक विठ्ठलाची, एवढ्यावर थांबावे. एकामागून एक दहा आरत्या होईपर्यंत मुले पेंगतात किंवा भांडू लागतात, आणि मोठ्यांचेही लक्ष आरतीत राहत नाही.

मुलांना दरवर्षी नवे काही लागते, हाही समज तितकासा खरा नाही. आरास गेल्या वर्षीचीच असली तरी त्यांची तक्रार नसते; उलट ‘मागच्या वेळी असंच होतं’ याचेच त्यांना अप्रूप असते. घरच्या गणपतीने सार्वजनिक मंडपाशी स्पर्धा करावी, ही अपेक्षा तुलनेने अलीकडची. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाला चालना दिली ती समाज एकत्र यावा म्हणून. घरचे पार्थिव पूजन त्याच्याही पूर्वीपासूनचे आहे आणि त्याचा हेतू निराळा आहे.

पत्रीविषयी दोन शब्द. गणेशपूजनाच्या एकवीस पत्रींमुळे मुलांना झाडांची नावे कळतात, हा मोठा लाभ आहे. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळस या एका दिवशी कशी चालते, हे कोडेही त्यांना आवडते. परंतु या एकविसांत धोत्रा, कण्हेर आणि रुईही आहेत. धोत्रा व कण्हेर विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. ही पाने मोठ्यांनीच आणावीत, वाहावीत आणि लगेच हात धुवावेत. दूर्वा, जाई, मरवा, तुळस यांची परडी मुलाच्या हाती द्यावी. समई व निरांजन मुलाच्या हाताबाहेर उंचावर असावे, आणि कापूर पेटला असताना आरतीचे तबक मुलाच्या हाती देऊ नये.

लहान मुलांसह देवदर्शनास येणाऱ्या कुटुंबांनाही हाच न्याय लागू आहे. अंगारकी किंवा मोठ्या यात्रेच्या दिवशी कित्येक तास रांगेत उभे राहण्याऐवजी एरवीचा एखादा वार निवडावा. देव तोच असतो. पंढरपुरास आषाढीच्या गर्दीत अनेक वारकरी महाद्वारी नामदेव पायरीला मस्तक लावून, कळसाचे दर्शन घेऊन कृतार्थ होतात आणि माघारी वळतात. मूल रांगेत झोपले असेल तर गाभाऱ्यापाशी त्याला हलवून उठवू नये. दानपेटीत टाकावयाचे नाणे मात्र जागे असेल तेव्हा त्याच्याच हाताने टाकू द्यावे; पेटीची फट सापडेपर्यंत मागच्या भाविकांनी अंमळ थांबावे.

त्या घरच्या विसर्जनाची हकीगत राहिली. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जागची हलविली, हातावर दही-पोहे ठेवले गेले. मूर्ती शाडूची आणि वीतभर उंचीची. विसर्जन सज्जातच, पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत होते. गौरींचे खडे वडील खाडीकाठी पोहोचविणार होते. आजींना बादलीचे मन होत नव्हते. गावी ओहोळावर मिरवत नेत असत. पण नातवाला बोट सोडून गर्दीत नेण्यापेक्षा हे बरे, असे म्हणून त्यांनी स्वतःच मूर्ती पाण्यात उतरविली.

मुलगा बादलीशेजारी मांडी घालून बसला. आधी मुकुटाची कड गेली, मग हात. तो रडू लागला. त्याच्या आईने त्याला उचलले नाही. ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. आजींनी सांगितले, की पार्थिव म्हणजे पृथ्वीचा. माती आपण मूर्तिकाराकडून आणली होती, ती परत द्यायची असते.

“मग बाप्पा कुठे गेला?”

“तू मोजलेल्या दूर्वा कुठून आणल्या होत्या?”

“खालच्या बागेतून.”

“तिथे अजून आहेत का?”

याचा विचार करीत तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे पाणी निवळले होते आणि तळाशी मऊ माती बसली होती. वडिलांनी ती तुळशीच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांत ओतली. एक मूठ मुलाने आपल्याकडे घेतली, तिचा गोळा केला, त्याला एक लांब सोंड लावली आणि तो रिकाम्या पाटावर नेऊन ठेवला. आजी स्नान करून देवापाशी आल्या. त्यांनी त्या गोळ्याकडे पाहिले, फुलांच्या परडीतून एक जास्वंद उचलली आणि ती नातवाच्या हाती दिली.